बिघडला, तर कुठल्या बाजूला?

स्टुटगार्ट, नोव्हेंबर अखेर

चि. मुक्ता हीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. क्लबच्या हिवाळी कामांत जुन्या फाल्क मोटर ग्लायडरचे पॅनेलवरचे स्विच बदलणं आणि चाकाचा ब्रेक दुरुस्त करणं ही दोन कामं तुझ्याकडे आली, हे वाचून फार आनंद झाला. ‘उडायला शिकायला गेले आणि हातात पाना दिला’ असं तू लिहिलं आहेस. जर्मनीतल्या क्लबांत या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. उन्हाळ्यात जो उडतो त्याने हिवाळ्यात ठरलेले तास कार्यशाळेत द्यायचे, ही इथली रीत आहे. विद्यार्थ्याच्या खिशाला उडणं परवडतं ते या रीतीमुळेच. लहानपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने वर खेचली जाणारी ग्लायडर तू कुंपणाबाहेरून बघत उभी राहायचीस. आता तशाच एका यंत्राच्या आत हात घालायची संधी आली आहे. ती नीट घे.

आधी विमान ओळखून घे. एगोन शायबे यांनी म्युनिकजवळच्या डाखाऊमध्ये बनवलेली एसएफ-२५ फाल्क १९६३ साली पहिल्यांदा उडाली, आणि पुढे तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मिळून हजाराहून अधिक विमानं तयार झाली. लाकडी पंख, वेल्ड केलेल्या पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड आणि पुढे लिम्बाख इंजिन, ज्याचं मूळ फोक्सवॅगनच्या हवेने थंड होणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात आहे. सगळं साधं आहे, डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. शिकण्यासाठी याहून चांगलं विमान नाही. पण साधं आहे म्हणून सोपं समजू नकोस. इतक्या वर्षांत कितीतरी हातांनी त्यात वायरी ओढलेल्या असतात, आणि त्या सगळ्या आराखड्यात उतरलेल्या असतीलच असं नाही.

आता या पत्रातली मुख्य गोष्ट सांगतो. एखादा भाग चालतो कसा, हे तू विचारतेसच. त्याला हात लावण्याआधी आणखी एक प्रश्न विचार: हा भाग बिघडला, तर कुठल्या बाजूला बिघडेल? काही भाग बिघडले की गप्प बसतात. दिव्याचा स्विच गेला की दिवा लागत नाही, एवढंच. काही भाग मात्र बिघडले की जागे होतात, आणि तेही कुणाला न सांगता. कुठला भाग कुठल्या जातीचा, हे ज्याला कळतं त्याच्या हातात पाना द्यायला मला भीती वाटत नाही.

स्विचपासून सुरुवात करू. तुझ्या यादीतला सगळ्यात धोक्याचा स्विच इग्निशनचा आहे. इतर स्विच ‘बंद’ केले की जोडणी तुटते. इग्निशनचा स्विच म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचा स्विच; तो ‘बंद’ केला की वायर सांगाड्याला जोडली जाते आणि त्यामुळे ठिणगी थांबते. म्हणजे ही वायर तुटली, टर्मिनल सैल झालं किंवा स्विचच्या आतला संपर्क जळाला, तर किल्ली ‘बंद’वर असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. कुणी सहज हाताने प्रोपेलर फिरवला आणि सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल शिल्लक असलं, तर इंजिन धडकन सुरू होऊ शकतं. म्हणून या स्विचला हात लावण्याआधी स्पार्क प्लगच्या वायरी काढून ठेव, आणि प्रोपेलरच्या फेऱ्यात कुणी उभं राहणार नाही हे बघ. स्विच तपासताना मॅग्नेटोकडून येणारी वायर स्विचवरून सोडवून मगच मीटर लाव. मॅग्नेटोच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध इतका कमी असतो की वायर जोडलेली असेल तर मीटर दोन्ही स्थितींत ‘जोडलेलं’ दाखवतो आणि माणूस फसतो. पण ती वायर सोडवली त्या क्षणी मॅग्नेटो जिवंत झाला, हेही लक्षात ठेव. प्लगच्या वायरी आधी काढायच्या त्या याचसाठी.

काम संपल्यावर जाणत्या पायलटने इंजिन गरम करून, अगदी मंद गतीवर आणून, क्षणभर इग्निशन बंद करून बघायचं. इंजिन मरू लागलं की लगेच पुन्हा चालू करायचं. ही चाचणी वेगात कधीही करायची नाही, कारण न जळलेलं पेट्रोल गरम एक्झॉस्टमध्ये साठून स्फोट होऊ शकतो.

बाकीच्या स्विचांसाठी आधी बॅटरी सोडव. ऋण टोक आधी काढायचं आणि शेवटी जोडायचं. धन टोकावर काम करताना पाना सांगाड्याला टेकला, तरी मग ठिणगी उडत नाही. एकही वायर सुटण्याआधी फोटो काढ, प्रत्येक वायरीला चिठ्ठी लाव आणि कागदावर स्वतःच्या हाताने आकृती काढ. फोटोत वायरीमागची वायर दिसत नाही. आकृती काढताना ती शोधावीच लागते.

नवा स्विच निवडताना त्यावर छापलेल्या आकड्याला भुलू नकोस. बाजारातल्या स्विचवर २५० व्होल्ट, १० अँपिअर असं लिहिलेलं असतं, पण ते घरातल्या एसी विजेसाठी. त्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या डीसी प्रवाहाला असं शून्य नसतं. शिवाय भार कसला आहे, यावर बरंच ठरतं. थंड तारेचा दिवा लावल्या क्षणी नेहमीच्या दहा-पंधरा पट प्रवाह ओढतो. रिलेची गुंडाळी बंद करताना साठलेली ऊर्जा संपर्कावर ठिणगी होऊन बाहेर पडते. अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेच्या, एफएएच्या, ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेत यासाठी गुणक दिले आहेत. १२ व्होल्टच्या यंत्रणेत तारेच्या दिव्यासाठी ५, रिलेसारख्या गुंडाळीसाठी २, मोटरसाठी २. म्हणजे ५ अँपिअरच्या लँडिंग लाइटला २५ अँपिअरचा स्विच हवा. सारखा दिसणारा, त्याच भोकात बसणारा स्विच याच कारणाने चालत नाही. फाल्कच्या भागांच्या यादीत जो क्रमांक आहे, तोच मागव. तो मिळत नसेल तर बदली भागाचा निर्णय तुझा नाही, कार्यशाळाप्रमुखांचा आणि तपासनिसांचा आहे.

जुना स्विच खरंच मेला आहे का, हेही बघ. भार चालू ठेवून स्विचच्या दोन टोकांवर मीटर लाव. चांगल्या स्विचवर व्होल्टचे काही शतांश दिसतात. ०.३ व्होल्ट दिसले आणि प्रवाह ५ अँपिअर असला, तर नखाएवढ्या जागेत दीड वॉट उष्णता होते आहे. तो स्विच आज चालेल आणि कधीतरी वितळेल. त्याच वेळी टर्मिनलही तपास. पुष्कळदा स्विच निर्दोष असतो आणि गंजलेलं टर्मिनल त्याची बदनामी करत असतं.

बसवताना एक बारीक गोष्ट. खटक्याच्या स्विचमध्ये खटका वर असतो तेव्हा आत खालची टोकं जोडलेली असतात. अंदाजाने जोडशील तर ‘चालू’ खाली येईल, आणि घाईच्या क्षणी पायलटचा हात सवयीप्रमाणे उलटा जाईल. पॅनेलवर बसवण्याआधी मीटरवर बघून घे. वायरीच्या टोकाला टर्मिनल रॅचेटच्या हत्याराने क्रिम्प कर आणि हाताने ओढून बघ. सोल्डरमुळे तार जिथे ताठ होते, नेमकी तिथेच ती कंपनाने तुटते. आणि फ्यूज पुन्हा पुन्हा जातो म्हणून मोठा फ्यूज घालू नकोस. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो.

आता ब्रेक. तुमच्या फाल्कला मधोमध एकच मोठं चाक आहे, त्यात ड्रम ब्रेक आहे, आणि तो एअरब्रेकच्या दांड्यानेच लागतो. दांडा मागे ओढत नेला की आधी पंखावरचे एअरब्रेक उघडतात आणि शेवटच्या टप्प्यात केबल ताणली जाऊन चाकाचा ब्रेक धरतो. इथे आपला प्रश्न पुन्हा विचार. केबल सैल झाली तर ब्रेक लागत नाही. ते वाईट आहे, पण पायलटला ते कळतं. केबल जास्त ताणली, तर दोन गोष्टी होतात आणि दोन्ही कळत नाहीत. ब्रेक आधीच धरतो, त्यामुळे एअरब्रेक पूर्ण उघडून उतरणारा शिकाऊ पायलट आवळलेल्या चाकावर जमिनीला टेकतो. किंवा ब्रेकची केबल आधी ताणून बसते आणि एअरब्रेक पुरते उघडतच नाहीत. ‘ब्रेक लागत नाही, जरा आवळ’ असं कुणीही सांगेल. आवळण्याआधी लायनर किती उरलेत ते बघ. लायनर झिजले असतील तर केबल आवळणं म्हणजे दुखणं झाकणं.

चाक काढताना क्रम मोडू नकोस. विमान देखभालीच्या पुस्तकात दिलेल्या जागीच उचल आणि त्याला पक्का आधार दे. दोन भागांत जोडलेल्या रिमचे बोल्ट सोडण्याआधी टायरमधली हवा पूर्ण काढ आणि व्हॉल्व्हची सुई बाहेर काढून खात्री कर. दाबाखालची रिम उघडली तर तिचे दोन भाग वेगाने उडतात. यात माणसं गेली आहेत. ड्रममधली धूळ दाबाच्या हवेने उडवू नकोस. जर्मनीत अ‍ॅस्बेस्टॉसवर १९९३ साली बंदी आली, पण त्याआधीचं लायनर एखाद्या जुन्या चाकात अजून असू शकतं. ओल्या फडक्याने पूस, मास्क लाव.

लायनर चकचकीत दिसले तर ते तापून काचेसारखे झाले आहेत. काळे आणि ओशट दिसले तर बेअरिंगचं ग्रीस आत उतरलं आहे. ग्रीस प्यायलेलं लायनर धुऊन वाचवायचा मोह होतो, पण गरम झालं की ते पुन्हा ओकतं. ते बदल, आणि ग्रीस कुठून आलं तेही शोध, नाहीतर नवं लायनरही पुढच्या हिवाळ्यात तसंच होईल. केबलची टोकं बोटाने चाचप. एक जरी तार तुटलेली लागली तरी केबल बदलायची. नायलॉनचे सेल्फ-लॉक नट हाताने फिरत असतील तर ते मेले. ब्रेकजवळ ते लावूच नकोस, कारण १२० अंशांपुढे नायलॉन धरत नाही. तिथे पूर्ण धातूचे नट लागतात. कॉटर पिन दुसऱ्यांदा वापरायची नाही. शेवटी टायर आणि रिमवर मिळून एक लाल रेघ मार. टायर रिमवर सरकला तर रेघ तुटलेली दिसेल.

क्लबच्या दुसऱ्या मोटर ग्लायडरला डिस्क ब्रेक आहेत असं तू लिहिलंस. तिथे एकच गोष्ट जिवापाड सांभाळ: ब्रेक ऑइल. काही यंत्रणांत लाल रंगाचं ५६०६ खनिज तेल असतं, काहींत गाडीसारखं डॉट-४. दोघांची रबरं वेगळी. चुकीचं तेल पडलं तर रबर फुगतं, ब्रेक धरतो तो सुटत नाही किंवा गळू लागतो. टाकीवर काय लिहिलं आहे ते वाच, पुस्तकात बघ, आणि शंका असेल तर एक थेंबही ओतू नकोस.

मुक्ता, तुला अजून लायसन्स नाही, म्हणून विमान उडण्यायोग्य असल्याची सही तू करणार नाहीस. युरोपच्या पार्ट-एमएल नियमांत पायलट-मालक म्हणून कोण काय करू शकतो, याची मर्यादा आखून दिली आहे. तुमच्या कार्यशाळाप्रमुखांना ती माहीत आहे, त्यांच्या देखरेखीखालीच काम कर. पण सही दुसऱ्याची आहे म्हणून जबाबदारी त्याची, असं मनात आणू नकोस. सही करणाऱ्याला पॅनेलच्या मागची प्रत्येक वायर दिसत नाही, ती तू पाहिलेली असतेस. जे तपासलं ते लिही, जे तपासलं नाही तेही स्पष्ट सांग. एअरब्रेकच्या दांड्याला हात लागणारच आहे, तेव्हा झाकणं बंद करण्याआधी दुसऱ्या जाणत्या माणसाने स्वतंत्रपणे बघितलं पाहिजे. ‘तुम्ही एकदा बघता का?’ हे विचारायला लाजू नकोस. चांगल्या कार्यशाळेत हा प्रश्न कमीपणाचा मानत नाहीत. जिथे मानतात, तिथलं विमान उडवू नकोस.

आणि घाई करू नकोस. मार्च जवळ आला की सगळ्यांना विमान हवं असतं, आणि कुणीतरी म्हणतंच, ‘एवढं तर चालेल.’ तुला जे कळलेलं नाही ते चालेल असं तू म्हणू नकोस. वयाने मोठा माणूस म्हणाला तरी नम्रपणे कारण विचार.

शनिवारी काम सुरू करण्याआधी एक कर. यादीतल्या प्रत्येक स्विचसमोर आणि ब्रेकसमोर दोन ओळी लिही: हा बिघडला तर काय होईल, आणि ते पायलटला कळेल का. कागदाचा फोटो मला पाठव. जिथे चुकशील तिथे मी लगेच सांगेन. बरोबर असेल तर खुशाल पाना हातात घे.

ताईला माझा नमस्कार सांग. थंडीत कार्यशाळेत जाताना स्वेटरच्या बाह्या घट्ट बसणाऱ्या असू देत.

तुझा,
मामा