विडंबनातील काल्पनिक गायकसमूह

उद्दिष्ट : या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास नक्कल आणि विडंबन यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक

केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहातील विडंबनकाव्य आपणास परिचित आहे. विडंबनकार कधी कधी केवळ रचनाच नव्हे, तर तिचा निर्माताही कल्पितो. ब्रिटिश विनोदी कार्यक्रमांत याची बोलकी उदाहरणे आढळतात.

विवेचन

१९८० च्या दशकात बीबीसी रेडिओ ४ वर ‘रेडिओ अ‍ॅक्टिव्ह’ ही मालिका प्रसारित होत असे. एका काल्पनिक स्थानिक रेडिओ केंद्राचे प्रसारण, असे तिचे स्वरूप होते. निवेदकांची पोकळ बडबड, जाहिराती, गाणी हा लोकप्रिय रेडिओचा सारा साचा तीत होता. एका निवेदकाचे नावच ‘माइक स्टँड’ होते!

याच मालिकेतील कलावंतांनी ‘हीबीजीबीज’ हा गायकसमूह कल्पिला. गिब बंधूंच्या ‘बी जीज’ या विख्यात समूहाचे ते विडंबन होय. या नावात मूळ नाव ऐकू येते. शिवाय अंगावर काटा आणणारी बेचैनी दर्शविणारा इंग्रजी बोलीतील शब्दही ऐकू येतो. १९८० मधील त्यांच्या गाण्याचे शीर्षक ‘अतिउंच स्वरांतील निरर्थक गाणी’ अशा अर्थाचे आहे. मूळ समूहाच्या उंच, कृत्रिम स्वरात हे गाणे आपल्याच पोकळपणाची कबुली देते. गाणे बेसूर असते, तर श्रोता गायकांना हसला असता. ते चोख असल्यामुळे तो शैलीला हसतो.

मात्र, हेच साम्य अडचणीचेही ठरू शकते. ‘बीटल्स’चे विडंबन करणाऱ्या ‘द रटल्स’ या समूहावरील दूरचित्रवाणीपट १९७८ मध्ये प्रसारित झाला. त्यासाठी नील इनेस यांनी रचलेली गाणी मूळ गाण्यांच्या इतकी जवळची होती, की त्या गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीने त्यांवर दावा सांगितला. परिणामी इनेस यांना उत्पन्नातील वाटा द्यावा लागला. कायदा साम्य किती, हे मोजतो. समीक्षेने त्या साम्यातून काय उघड झाले, हे पाहावे.

सारांश

नक्कल मूळ रूपाची पुनरावृत्ती करते. विडंबन त्याच रूपातून त्याची सवय आणि त्याचा पोकळपणा दाखविते. त्यासाठी विडंबनकाराला मूळ शैलीवर प्रभुत्व मिळवावे लागते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘हीबीजीबीज’ या नावातील श्लेष स्पष्ट करा.
२. ‘उत्तम विडंबनासाठी मूळ शैलीवर प्रभुत्व आवश्यक असते.’ चर्चा करा.