पाया खणण्यापूर्वीं

भंडारा जिल्ह्यांतील पवनी हें गांव वैनगंगेच्या तीरीं वसलें आहे. तेथील जगन्नाथ टेकडीच्या पोटांत काय आहे, हें वरून पाहणारास कळणें शक्य नव्हतें. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ह्यांनीं मिळून डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पति जोशी ह्यांच्या देखरेखीखालीं तेथें उत्खनन केलें. तेव्हां प्राचीन बौद्ध स्तूप, त्याच्या कठड्याचे कोरीव दगडी खांब व ब्राह्मी लेख उजेडांत आले.

विद्यार्थिमित्रहो, इमारत नाहींशी झाल्यावर तिचा पत्ता कसा लागतो? प्रथम जमिनीवर हिंडून खापरें व विटांचे तुकडे पाहतात. मग मोजका चर खणून मातीचे थर तपासतात. लोकांनीं पायाच्या विटा काढून नेल्या, तरी तो चर पुढें निराळ्या रंगाच्या मातीनें भरतो. त्यावरून गेलेल्या भिंतीची रेषा काढतां येते. लाकडी खांब कुजला, तरी त्याची खळी ओळखूं येते.

परंतु ह्या खुणा फार नाजूक असतात. नव्या पायाच्या एका दिवसाच्या खोदाईंत त्या कायमच्या पुसल्या जातात. म्हणूनच पाहणी आधीं व बांधकाम मागाहून, हा क्रम पाळिला पाहिजे. कृष्णाकांठच्या नागार्जुनकोंड्याचें खोरें धरणाच्या पाण्याखालीं जाणार असें ठरतांच १९५४ ते १९६० पर्यंत तेथें उत्खनन झालें, व निवडक अवशेष उंच टेकडीवर हलविण्यांत आले. पवनीजवळहि १९८८ सालीं गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली. प्राचीन लोक नदीकांठींच वसत, आणि धरणाचें पाणीहि तेथेंच पसरतें. तेव्हां हा प्रश्न आपल्या दाराशींच आहे.

घर बांधणाऱ्या गृहस्थास वाटतें कीं, कांहीं सांपडल्याचें कळविलें तर काम अडेल. ही भीति अगदींच निराधार नव्हे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम करण्यास कायद्यानें मनाई आहे, व त्यापुढील २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. तरी इतर ठिकाणीं वेळींच केलेली नोंद थोड्या दिवसांचें काम असतें. न केलेली नोंद मात्र पुढें कितीहि द्रव्य खर्चून करतां येत नाहीं.

यास्तव पाया किंवा विहीर खणतांना जुनी भिंत अथवा कोरीव दगड दिसला, तर तो हलवूं नये. जागा लिहून ठेवावी व शिक्षकांस किंवा तहसील कचेरींत कळवावें. जागेवरून उचललेला दगड आपली अर्धी हकीकत गमावून बसतो.