मंदीच्या दिवसांत सरकारने खर्च करावा काय?

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शिरगावापासून बोईसर-तारापूरची कारखान्यांची वसाहत फार दूर नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा तेथील पुष्कळशी यंत्रे थांबली. परप्रांतीय कामगार गावी परतले; आणि त्यांच्या पगारावर ज्यांचा चरितार्थ चाले, ते खाणावळवाले, रिक्षावाले व वाणीही रिकामे बसले. ह्यावरून अर्थशास्त्रातील पहिला धडा ध्यानात येतो : एकाचा खर्च ती दुसऱ्याची मिळकत होय.

मंदी आली की प्रत्येक कुटुंब हात आखडते. एका घरापुरते हे शहाणपणाचेच. परंतु सर्वच घरांनी तसे केले, तर सर्वांचीच मिळकत घटते. अशा वेळी सरकारने कर्ज काढूनही कामे सुरू करावीत, असे मत केन्स ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली आपल्या ग्रंथात मांडले. त्यातील गणित सोपे आहे. मजुराला शंभर रुपये मिळाले व त्याने ऐंशी खर्चिले, वाण्याने त्यांतील चौसष्ट खर्चिले, असे होत गेल्यास शंभराच्या खर्चातून एकंदर पाचशेची मिळकत निर्माण होते. प्रत्यक्षात काही पैसा करात जातो, काही परगावी जातो. म्हणून फळ ह्याहून पुष्कळ कमी मिळते.

आपल्या राज्यातील दाखला पाहू. १९७२ चा दुष्काळ ही नेहमीची मंदी नव्हे. तथापि मजुरी बुडाल्यामुळे धान्य घेण्यास लोकांजवळ पैसा नव्हता. सरकारने पाझर तलाव, बांधबंदिस्ती व रस्ते ह्यांची कामे काढली. मे १९७३ च्या सुमारास त्यांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्या मजुरीने लाखो घरांतील चूल पेटती राहिली. ह्याच अनुभवातून वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना वाढीस लागली; तिचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पाझर तलावांनी पुढे विहिरींना पाणी दिले. मात्र काही ठिकाणी फोडलेल्या खडीचे ढीग तसेच पडून राहिले. मजुरी दोहोंकडे सारखीच पडली, पण मागे उरलेला लाभ सारखा नव्हता.

आता पालक विचारतील, “हा पैसा येतो कोठून?” प्रश्न रास्त आहे. रोजगार हमीसाठी १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिक ह्यांवर व्यवसाय कर बसला, म्हणजे शहरातील मिळकतीचा अंश खेड्यातील मजुरीस गेला. कर्ज काढल्यास ते पुढील पिढीने, म्हणजे तुम्हीच, फेडावयाचे असते. २००८ च्या जागतिक मंदीत केंद्र सरकारने उत्पादनशुल्क उतरवले व खर्च वाढवला. उद्योगधंदे लवकर सावरले. परंतु ह्या व इतर खर्चांमुळे त्या वर्षीची सरकारी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे अडीच टक्क्यांच्या अंदाजावरून सहा टक्क्यांच्या घरात गेली. २०१० साली महागाईही दहा टक्क्यांच्या आसपास पोहोचली. तिला २००९ चा दुष्काळ कारण होता. पण धंदे सावरल्यावर खर्च वेळीच न आवरणे हेही एक कारण होते, असे अनेक जाणत्यांचे मत आहे.

तेव्हा आमचे मत असे : हात रिकामे व कारखाने बंद असताना सरकारी खर्च उपकारक ठरतो, मात्र तो गरजवंताच्या हाती लवकर पडावा, त्यातून टिकाऊ काम उभे राहावे, आणि सुबत्ता परतताच तो आवरावा. ह्यांतील तिसरी अट सर्वांत कठीण, कारण चालू झालेला खर्च बंद करणे कोणासच रुचत नाही.

शेजारच्या सातपाटीचे कोळी बांधव हे जाणतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, तेव्हा आधी उन्हात वाळवून ठेवलेले बोंबील कामी येतात. ज्याने वाळवण घातले नाही, त्याला आषाढात उसने मागावे लागते. सरकारची गोष्ट ह्याहून निराळी नाही. बालमित्रहो, आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांस विचारा : टाळेबंदीत आपल्या घरी कोणता खर्च थांबला, आणि त्यामुळे कोणाची मिळकत बुडाली? त्या उत्तरात ह्या धड्याचा अर्धा भाग सापडेल.