गोळी चालू आहे, हे मी आधीच सांगितलं होतं

पन्नाशीत वजन उतरवायचं मनावर घेतलं की आपल्याला आधी गाठतो तो डॉक्टर नव्हे, तालमीतला वस्तादही नव्हे. शेकचा डबा विकणारा गाठतो. तो ओळखीचाच असतो, म्हणून तर त्याला दारातून परत पाठवता येत नाही. मला गाठणारा आमच्याच गल्लीतला. त्याच्या वडिलांना मी वर्षानुवर्षं उधारीवर खत दिलंय, तो शाळेत जायचा तेव्हापासून मला काका म्हणतो. हे मुद्दाम सांगतो, कारण फसवणूक परक्यानेच करावी लागते असं अजूनही अनेकांना वाटतं.

त्याच्या शेकच्या क्लबात गेल्यावर त्याने मला अनवाणी मशिनवर उभं केलं. चरबी इतकी, पोटाच्या आतली इतकी, आणि ‘शरीराचं वय’ सत्तर. घरच्यांसमोर. बायकोचा चेहरा पडला आणि त्याने तेवढ्यात तीन महिन्यांचे डबे टेबलावर मांडले. ते मशिन शरीरातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतं आणि त्यावरून अंगातल्या पाण्याचा, मग चरबीचा अंदाज बांधतं. पाणी पिऊन उभे राहा, घाम गाळून उभे राहा, आकडा हलतो. अंदाजाला निदान म्हणून विकणं हा तिथला पहिला धंदा.

डबे घेण्याआधी मी डॉक्टरांची चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. शुगरसाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे, सकाळची गोळी नाश्त्याबरोबर घेतो, असं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, ‘काका, टेन्शन नका घेऊ, हे फूड आहे, औषध नाही. उलट गोळ्याच सुटतील.’ माझी पत्नी तिथे होती, पुतण्या होता. आता तो म्हणतो, काकांनी सांगितलंच नाही.

पेरणीचा हंगाम होता. माझं कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते. सकाळी भाकरीऐवजी शेक, रात्री जेवणाऐवजी शेक, गोळी ठरल्याप्रमाणे. अकराच्या सुमारास बियाण्याचं बिल करताना आकडे दिसेनात. हात थरथरत होते, शर्ट घामाने चिंब, आणि समोरचं गिऱ्हाईक काय बोलतंय ते कळत नव्हतं. आमच्या हमालाच्या आईला शुगर आहे, म्हणून त्याला खूण कळली. त्याने चहाच्या टपरीवरून साखर आणून पाण्यात कालवून पाजली. दवाखान्यात पोचलो तेव्हा, साखर पोटात जाऊनही, मशिनवर 52. सत्तरच्या खाली गेली की धोका समजतात.

डॉक्टरांनी जे समजावलं ते शुगर असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. मेटफॉर्मिन एकटी असली तर साखर अशी सहसा कोसळत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती पाहत नाही. जेवण निम्म्यावर आणायचं आणि गोळी तेवढीच ठेवायची, म्हणजे साखर खाली जाणारच. वजन उतरवायला लागलं की हिचा डोस डॉक्टरांनी आधी बदलायचा असतो. आधी, चक्कर आल्यावर नव्हे.

घरी येऊन मी त्याला फोन केला. खरं सांगतो, माझा राग तोपर्यंत निम्माच होता. वाटलं, पोरगं आहे, घाबरेल, विचारपूस करेल. तो हसला. ‘काका, अभिनंदन! बॉडी डिटॉक्स होतेय. टॉक्सिन बाहेर पडताना असंच होतं. आता गोळी बंद करा, शेक दुप्पट करा.’ माझ्या मनातली ओळखदेख त्या एका वाक्यात संपली. समोर बेशुद्धीच्या उंबरठ्यावरून आलेला माणूस आहे आणि याला पुढच्या महिन्याचा डबा दिसतोय. शिवाय गोळी बंद कर म्हणतोय, म्हणजे चिठ्ठी त्याने वाचली होती, त्याला सगळं आठवत होतं.

मग मी एक प्रश्न क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारला: शुगरची गोळी चालू असलेल्यांनी जेवण बदलताना डॉक्टरांना विचारावं, हे इथे कोणी सांगतं का? विक्रीच्या साखळीत त्याच्या वर असलेल्या बाईंचं उत्तर आलं, ‘निगेटिव्ह माइंडसेटवाल्यांना रिझल्ट मिळत नाही.’ आणि मला गटातून काढलं. तोवर तिथे मी ‘प्रेरणास्थान’ होतो, माझे पोट आत ओढलेले फोटो फिरत होते.

आता ज्यांना खरोखर तब्येत सुधारायची आहे त्यांच्यासाठी.

वजनकाट्यापेक्षा टेप धरा. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 ओलांडली की सावध व्हायचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. आपण बारीक दिसतो तरी आतून चरबीचे असतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. तेव्हा ‘मी तर काटक आहे’ म्हणणाऱ्यांनीही रक्त तपासून घ्यावं. एचबीएवनसी करा, ती साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब देते. एका सकाळच्या उपाशीपोटी साखरेवर खूश होऊ नका.

चालावं, हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये आठवड्याला किमान 150 मिनिटं म्हटलंय, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हा दुसरा भाग कोणी सांगत नाही. जेवणानंतरची साखर जिरवणारी सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू, आणि गल्ल्यावर बसून मांड्यांचे स्नायूच आधी वाळतात. मी बैठकांनी सुरुवात केली. थेट तालमीसारख्या नव्हे. खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं. गुडघा कुरकुरला तर खुर्ची उंच घ्या. मग भिंतीला हात टेकून जोर. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार रुजवले ते उगाच नाही. त्यासाठी ना डबा लागतो ना वर्गणी. पण पन्नाशीत रक्तदाब असेल तर वाकण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारूनच. आणि नगर-मनमाड रस्त्याच्या कडेने पहाटे चालू नका. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, तुमच्या अंगावर काळा स्वेटर असतो.

जेवणाबद्दल त्या क्लबाचं म्हणणं, भारतीय जेवणात प्रोटीन नसतं. हे राहुरीत उभं राहून म्हणायचं! इथल्या कृषी विद्यापीठाने ‘विजय’ आणि ‘दिग्विजय’ हे हरभरे दिले, ‘फुले वसुधा’, ‘फुले रेवती’ या रब्बी ज्वाऱ्या दिल्या. इक्रिसॅटबरोबर ‘धनशक्ती’ ही लोहयुक्त बाजरी आणली. मी हे बियाणं दुकानातून विकतो. शंभर ग्रॅम फुटाण्यात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. मटकीची उसळ, ताक, हुलग्याचं माडगं, भाकरी एक कमी आणि भाजी दुप्पट, एवढ्यावर माझी कंबर उतरली, साखर आटोक्यात आली. वर्ष लागलं. ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी स्वतः बंद केली, मेटफॉर्मिन चालू आहे आणि त्याची मला लाज नाही.

खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे धुकं वाटलं की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि पैसे बुडाले म्हणून गप्प बसू नका. थेट विक्रीचे नियम 2021 मध्ये आले. त्यात घेतलेला माल परत करायला मुदत द्यावी लागते, साखळीत माणसं जोडण्याचे पैसे घेता येत नाहीत. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करायला 2018 च्या नियमांनी मनाई आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915. पण पावती हवी. मला पावती कच्च्या कागदावर दिली होती. पक्की मागितली तर म्हणे, ‘काका, घरच्या माणसाला पावती कसली?’ दोन सीलबंद डबे त्याने परत घेतले ते मी 1915 ला फोन लावतो म्हटल्यावर. बाकीचे पैसे गेले ते गेले.

त्या गटात शुगरची गोळी चालू असलेले आणखी काहीजण मला माहीत होते. मी एकेकाला स्वतः फोन केला. एका मावशींनी ऐकलं, चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे गेल्या, त्यांचा डोस लगेच कमी झाला. बाकीच्यांनी फोन उचलले नाहीत. काका चिडलेत, त्यांचा फोन घेऊ नका, असं त्यांना आधीच सांगून झालं होतं.