टायरची नक्षी वाचा

प्रत्येक गावाला शीव असते. शीव ओलांडली की दुसऱ्या गावचे रान लागते. मुंबईलाही अशी शीव आहे, आणि त्या जागेचे नावच शीव. पूर्वी मुंबई बेट इथे संपत असे. पलीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे साष्टी बेट. इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेला किल्ला इथल्या टेकडीवर अजून उभा आहे.

आता ही बेटे जोडली गेली आहेत. शिवेवरून एक रस्ता कुर्ला, घाटकोपर, भांडुप करीत ठाण्याला जातो. दुसरा चेंबूर, वाशीवरून पनवेलला जातो. पुण्याकडे आणि कोकणाकडे निघालेल्या कितीतरी गाड्या याच वाटेने मुंबईबाहेर पडतात. त्यांत कोणी सणाला गावी चाललेले असते, कोणी लग्नाला, कोणी आजारी माणसाला घेऊन.

मंडळी, गाडी कितीही मोठी असो, ती रस्त्याला टेकते फक्त टायरवर. मोटारीच्या एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण आपल्या पंजाएवढा असतो. चार टायर म्हणजे चार पंजे. सारे कुटुंब तेवढ्यावर असते! म्हणून टायर ओळखायला शिकले पाहिजे. तुम्हाला आता अक्षरे आणि आकडे वाचता येतात. मग टायर वाचायला काय अवघड आहे?

टायर आला कुठून?

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती मजबूत खरी, पण हाडे खिळखिळी करते. रबरी नळीत हवा भरून ती चाकाला बसवावी, ही कल्पना १८४५ साली थॉम्सन नावाच्या माणसाने नोंदवली होती. पण तेव्हा ती चालली नाही. पुढे १८८८ साली डनलॉप याने तसेच टायर केले. तो आयर्लंडातील बेलफास्ट गावी गुरांचा डॉक्टर होता. आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला धक्के बसू नयेत, म्हणून त्याने हा खटाटोप केला. गुरांच्या डॉक्टराची ती युक्ती आज साऱ्या जगाला वाहून नेते आहे.

नक्षी कशासाठी?

टायरवर खाचा असतात. त्यांनाच आपण नक्षी म्हणतो. पुष्कळांना वाटते, खाचांमुळे टायर रस्ता धरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर हे तितकेसे खरे नाही. शर्यतीच्या मोटारी कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरवरच पळतात. रस्ता धरते ते रबर.

मग खाचा कशाला? पाण्याला वाट द्यायला. शेतात पाणी साचू नये म्हणून आपण चर काढतो ना? तसेच हे. पावसात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी येते. खाचा ते पाणी बाजूला काढतात, आणि रबर रस्त्याला टेकते. खाचा झिजल्या की पाणी जाणार कुठे? वेग जास्त असला तर टायर पाण्यावर तरंगू लागतो. मग ब्रेक दाबा की स्टिअरिंग फिरवा, गाडी ऐकत नाही.

पहिल्या पावसात तर जास्तच जपावे. रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यात मिसळते आणि रस्ता निसरडा होतो.

नक्षीचे तीन प्रकार

मोटारीच्या टायरची नक्षी तीन तऱ्हेची असते.

पहिली दोन्ही अंगांनी सारखी. हा टायर कोणत्याही बाजूला बसवला तरी चालतो.

दुसरी बाणाची. हिच्या खाचा दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये टोकाला मिळतात. टायरच्या अंगावर बाण काढलेला असतो. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेला बाण हवा. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची नक्षी आठवा, ती अशीच असते. तिचे टोक आधी जमिनीला टेकते आणि चिखल दोन्ही बाजूंना ढकलला जातो. मोटारीच्या टायरचे टोक तसेच पाणी ढकलते. टायर उलटा बसला, तर पाणी नीट बाहेर जात नाही, आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला वेळ लागतो.

तिसरी नक्षी दोन अंगांनी वेगवेगळी. या टायरवर इंग्रजीत ‘आउटसाइड’ आणि ‘इनसाइड’ असे लिहिलेले असते. आउटसाइड म्हणजे बाहेरची बाजू. इंग्रजी येत नसेल तर एक खूण धरा. आउटसाइडचे पहिले अक्षर शून्यासारखे गोल असते. इनसाइडचे पहिले अक्षर उभ्या काठीसारखे असते. गाडीबाहेर उभे राहिल्यावर गोल अक्षराचा शब्द दिसला पाहिजे. काठीचा दिसला, तर टायर उलटा बसला आहे असे समजा.

आकडे काय सांगतात?

समजा, टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिले आहे. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शेकडा ६५. ‘आर’ म्हणजे रेडियल, ही टायर विणण्याची एक पद्धत. १५ म्हणजे टायर १५ इंची रिमवर बसतो. त्यापुढे ८८ असेल, तर तो टायर ५६० किलोपर्यंत भार पेलतो. नवा टायर घेताना हे आकडे गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहा.

आणखी एक चार आकड्यांची खूण लंबगोलात असते. समजा २३१९ आहे. म्हणजे टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात पडून राहिलेले रबरही जुने होते. म्हणून नवा टायर घेताना त्याचे वय पाहावे.

टायर संपला हे कसे ओळखावे?

खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. सरकारच्या १९८९ सालच्या मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. दुचाकी आणि तीनचाकीला किमान ०.८ मिलिमीटर हवी.

झीज कुठे झाली तेही पाहा. मधोमध झिजला, तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या, तर हवा कमी पडते. एकच कड झिजली, तर चाकांची सरळ रेषा बिघडली आहे, ती गॅरेजमध्ये तपासून घ्यावी.

हवा कमी असलेला टायर फार दाबला जातो, आतून तापतो आणि भर वेगात फुटू शकतो. हवा टायर गार असताना मोजावी. किती भरायची तो आकडा बहुतेक मोटारींत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो.

आता एक फसवणूक सांगतो. झिजलेल्या मोटारीच्या टायरवर पुन्हा खाचा कोरून तो स्वस्तात विकतात. वरून नवा दिसतो, पण आतले रबर पातळ झालेले असते. तळाचे उंचवटे कापले गेले असतील, तर असा टायर घेऊ नका. चार पैसे वाचतात, पण माणूस गेला तर परत येत नाही.

चाक बसवण्याची रीत

जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. वेल्समधील लानेली गावात स्टेपनी नावाची गल्ली आहे. तिथे १९०४ साली जादा चाक विकायला सुरुवात झाली. त्यावरून हा शब्द आपल्या पंक्चरवाल्यापर्यंत आला.

१. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. हँडब्रेक ओढा. दुसऱ्या चाकांना दगड लावा.

२. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. मग जॅक लावा. जॅकवरच्या गाडीखाली कोणी शिरू नये.

३. नवे चाक चढवा. नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवा. सगळे नट आधी हाताने फिरवा.

४. गाडी खाली घेऊन नट पान्याने आवळा. ओळीने आवळू नका. एक वरचा, मग समोरचा खालचा, असे समोरासमोर आवळा. म्हणजे चाक सारखे बसते.

५. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा तपासा.

एका आसाच्या दोन्ही चाकांना एकसारखे टायर हवेत. दोनच नवे घेतले, तर ते मागच्या चाकांना लावा. मागची चाके घसरली, तर गाडी गरकन फिरते आणि सावरणे फार कठीण जाते.

तुमच्याकडे मोटार नसेल. तरी हा धडा तुमचाच आहे. उद्या वडापाच्या जीपमध्ये बसाल, वऱ्हाड टेम्पोने न्याल. बसण्याआधी एकदा चाकांकडे पाहा. टायर गुळगुळीत दिसला, तर ड्रायव्हरला विचारा, “दादा, टायर कधी बदलणार?” तो हसला तर हसू द्या. भाडे तुम्ही देता, आणि गाडीत मुलेबाळेही तुमचीच असतात. विचारायला लाजू नका.

सांगा पाहू

१. टायरवरच्या खाचा कोणते काम करतात?

२. टायरवर १२२२ लिहिले आहे. तो कोणत्या साली तयार झाला?

३. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या आहेत. काय चुकते आहे?

४. तुमच्या गावातील एका गाडीचा टायर पाहा. त्यावरचे आकडे वहीत उतरवून आणा.