दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट विमान : सोय आणि तिचा हिशेब

परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे जाणाऱ्या आईवडिलांना प्रवासातील सर्वांत मोठी धास्ती असते ती मधल्या विमानतळाची. दुबई, फ्रँकफर्ट किंवा लंडन येथे अपरात्री विमान बदलणे, अनोळखी भाषेतील सूचना समजून घेणे, सामान पुढे गेले की नाही याची काळजी वाहणे! 2 डिसेंबर 2015 रोजी एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को ही विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा अशा प्रवाशांनी तिचे मनापासून स्वागत केले. प्रवाशाच्या बाजूने पाहता या सेवेचे वेगळे समर्थन करण्याची आवश्यकता नाही. मात्र विमान कंपन्यांनी अशा सेवा सुरू कराव्यात काय, हा ताळेबंदाचा प्रश्न आहे आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

चाकाच्या मध्यातून आरे निघावेत, तसे एका केंद्रातून अनेक मार्ग काढणे ही मध्यवर्ती विमानतळाची, म्हणजे ‘हब’ची कल्पना होय. दुबईहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानात दिल्ली, मुंबई, कोलंबो असे अनेक गावचे प्रवासी बसलेले असतात. एका शहराची मागणी घटली, तरी दुसरे शहर ती भरून काढते. बँकेच्या परिभाषेत सांगायचे, तर ही अनेक कर्जदारांत विभागलेली जोखीम आहे. थेट सेवा मात्र एकाच मोठ्या कर्जदारावर विसंबून असते.

दुसरी अडचण इंधनाची. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर प्रारंभी वापरलेल्या बोइंग 777-200 एलआर विमानाचे उड्डाणसमयीचे कमाल वजन सुमारे 347 टन असून, त्याच्या मूळ टाक्यांत सुमारे 145 टन इंधन मावते. प्रवासाच्या अखेरच्या तासांत लागणारे इंधन आधीचे बारा-चौदा तास वाहून न्यावे लागते आणि ते वाहण्यासाठीही इंधनच जळते. साहजिकच प्रवासी आणि माल यांना जागा कमी उरते. सिंगापूर एअरलाइन्सने 2004 मध्ये सुरू केलेली सिंगापूर–नेवार्क सेवा याचे बोलके उदाहरण आहे. 2008 मध्ये त्या विमानांत केवळ बिझनेस वर्गाची 100 आसने ठेवण्यात आली, तरीही 2013 मध्ये सेवा बंद झाली. कमी इंधनावर चालणारी नवी एअरबस ए-350 विमाने हाती आल्यावर, 2018 मध्ये, ती पुन्हा सुरू झाली. त्या विमानांतही साध्या इकॉनॉमी वर्गाला स्थान नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे याहून गंमतीदार प्रकार घडला. एअर इंडियाने घेतलेल्या आठ 777-200 एलआर विमानांपैकी पाच अबुधाबीच्या एतिहाद कंपनीला विकली. पुढे खनिज तेलाचे भाव कोसळले आणि 2015 मध्ये उरलेल्या तीन विमानांच्या आधारे सॅन फ्रान्सिस्कोची सेवा उभी राहिली. ऑक्टोबर 2016 मध्ये विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेण्यास आरंभ झाला. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 किलोमीटर झाले, तरी पाठीमागून मिळणाऱ्या वाऱ्यामुळे वेळ उलट कमी लागू लागला.

परंतु वाऱ्याचा अंदाज बांधता येतो, राजकारणाचा नाही. 2019 मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपले हवाई क्षेत्र बंद ठेवले. त्यापायी 2 जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला सुमारे 491 कोटी रुपयांचा फटका बसल्याची माहिती राज्यसभेत देण्यात आली. 2022 मध्ये रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झाले आणि युनायटेडला दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा थांबवावी लागली. एअर इंडियाला तो मार्ग मोकळा राहिला, हा मोठाच लाभ. पण 6 जून 2023 रोजी इंजिनातील बिघाडामुळे तिचे विमान रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे उतरले आणि 216 प्रवाशांना दुसरे विमान येईपर्यंत त्या आडगावी राहावे लागले.

असे असूनही, दिल्लीहून अशा सेवा असाव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गुडगाव-नोएडातील कंपन्यांचा कॅलिफोर्नियाशी वर्षभर संबंध असतो आणि अधिक भाडे देणारा प्रवासी त्यातूनच मिळतो. शिवाय नागपूर-पुण्याच्या प्रवाशाला दिल्लीत विमान बदलावेच लागते. म्हणजे त्याच्यापुरता हब टळत नाही, तो केवळ दुबईहून दिल्लीला येतो. वाटेतील खर्च-उत्पन्नाचा काही भाग त्यामुळे देशात राहतो, हे कमी महत्त्वाचे नाही. मात्र शेजाऱ्याचे आकाश सदैव खुले राहील असे गृहीत धरून मार्ग आखणे, म्हणजे तारण न पाहता दीर्घ मुदतीचे कर्ज देणे. सुटीच्या हंगामातील गर्दी पाहून नवे मार्ग जाहीर करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपले आकाश पुन्हा बंद केले. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात थांबावे लागले. थेट सेवेची थोरवीच त्यामुळे उणावली. 2017 मध्ये सुरू झालेली दिल्ली–वॉशिंग्टन सेवा 1 सप्टेंबर 2025 पासून स्थगित करताना एअर इंडियाने दोन कारणे दिली : नूतनीकरणासाठी बाजूला काढलेल्या 787 विमानांमुळे पडलेली तूट आणि हे बंद आकाश.