पानगळ पाहायला जानापावला



मागच्या पालकसभेत एक सूचना आली होती. शाळेच्या पटांगणातील पिंपळ फेब्रुवारीत रोज टोपल्या भरभरून पाने टाकतो, झाडणाऱ्या मावशींची कंबर मोडते, आणि झाडही वाळत चाललेले दिसते. तेव्हा ते उतरवूनच टाकावे. निर्णय पुढच्या सभेवर गेला. दुसऱ्या दिवशी पाचवीतील एका मुलीने विचारले, "सर, आपला पिंपळ मरतोय का?" या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर देण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखवावे, म्हणून फेब्रुवारीअखेरच्या एका रविवारी काही पालक आणि मुले मिळून आम्ही जानापावला गेलो.

जानापाव इंदूरहून सुमारे ४५ किलोमीटरवर, महूच्या पुढे आहे. टेकडीची उंची साडेआठशे मीटरच्या आसपास. चंबळ नदीचा उगम येथेच मानला जातो आणि परशुरामाचे जन्मस्थान म्हणूनही लोक येथे येतात. वरपर्यंत रस्ता असल्याने दोन आजी आणि एक आजोबा गाडीने गेले. बाकीचे आम्ही पायी चढलो.

शरद की शिशिर?

इंग्रजी पुस्तकांत 'ऑटम' आला की आपण त्याचे भाषांतर 'शरद' करून मोकळे होतो. महिन्यांच्या हिशेबाने ते जवळपास बरोबरही आहे. पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, कोजागरीचे दूध आणि हिरवीगार झाडे. काश्मीरमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिनार लालकेशरी होतो, तेव्हा माळव्यातील झाडे पावसाचे पाणी पिऊन अजून ताजी असतात. आपल्याकडे खरी पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात होते. असे का?

थंड प्रदेशात झाडाला मुख्यतः थंडीची तयारी करायची असते. दिवस लहान होतात, गारठा वाढतो, पाणी गोठते. आपल्याकडे झाडाला तयारी करायची असते ती कोरड्या दिवसांची. पावसाळ्यानंतर जमिनीतील ओल कमी होत जाते. पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून मात्र पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. उन्हाळ्यात हा खर्च परवडणार नाही, हे ओळखून झाड आधीच पाने उतरवते. घरात पाण्याची टंचाई आली की आई अंगणातला नळ आधी बंद करते, तसेच हे आहे.

पान गळते कसे?

पान वाऱ्याने तुटत नाही. झाड स्वतः ते सोडते. आधी पानातील हरितद्रव्याचे विघटन होते. नत्र, स्फुरद यांसारखी उपयोगी द्रव्ये बरीचशी खोडाकडे परत नेली जातात. हिरवा रंग ओसरला की पानात आधीपासूनच असलेला पिवळा रंग दिसू लागतो. दरम्यान देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो. देठ तेथून सुटतो आणि जखम आतून बंद होते. गळलेल्या पानाचा देठ पाहा, टोक स्वच्छ कापल्यासारखे दिसेल.

वाटेत साग जवळजवळ उघडे झाले होते. पायाखाली त्यांची मोठी पाने पापडासारखी कुरकुरत होती. पळसाला एकही पान नव्हते, पण फांद्या केशरी फुलांनी भरल्या होत्या. "अरे, हा तर टेसू! होळीला आम्ही याच्याच फुलांचा रंग करायचो," एक आजी म्हणाल्या. पाने नसल्याने ती फुले पक्ष्यांना लांबूनही दिसतात.

लाल रंगाचे दोन अर्थ

चिनाराचे पान जाताना लाल होते. आपल्याकडे लाली बहुधा पान येताना दिसते. कुसुमाची कोवळी पालवी लालभडक, मोहाची तांबूस आणि पिंपळाची तांब्यासारखी असते. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी आणि ऊन मात्र कडक. तेव्हा हा लाल रंग पानाला छत्रीसारखा उपयोगी पडतो, असे शास्त्रज्ञ सांगतात.

माथ्यावर पोचल्यावर पानांअभावी चहूकडचा मुलूख मोकळा दिसत होता. येथून उत्तरेकडे गेलेले पाणी चंबळ, यमुना, गंगा असे करत बंगालच्या उपसागराला मिळते; दक्षिणेकडे उतरलेले नर्मदेतून अरबी समुद्राला. पावसाळ्यात दाट झाडीमुळे न दिसणारे ओढ्यांचे मार्ग मुलांनी तेथेच वहीत काढले.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे

सकाळी लवकर निघून ऊन चढण्याआधी उतरावे. प्रत्येकाजवळ पुरेसे पाणी असावे. सुक्या पानांवर पाय घसरतो, म्हणून चपला नकोत, बूट घालावेत. पानांखाली साप-विंचू असू शकतात. हात घालू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आग. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत मध्य प्रदेशातील जंगलांत वणव्याचा काळ असतो. एक जळती काडी किंवा विडीचे थोटूक पुरे होते. चूल पेटवू नका. दशम्या, चटणी, लाडू घरूनच न्या आणि रिकाम्या पिशव्या परत आणा.

पुन्हा पिंपळाकडे

सोमवारी त्या मुलीनेच पिंपळाच्या एका बारीक डहाळीची साल नखाने किंचित खरवडली. आत हिरवे दिसले! झाड जिवंत आहे, हे तिने साऱ्या वर्गाला सांगितले. मार्चअखेर तांबूस पालवीही आली.

विश्वस्त मंडळाला आणि पालकांना नम्र विनंती, की पुढच्या सभेत झाडाचा विचार न करता पानांचा करावा. पटांगणाच्या कोपऱ्यात एक खड्डा द्यावा. पाने, माती आणि शेणकाला यांचे थर देऊन ओल राखली, तर काही महिन्यांत बागेला खत मिळेल आणि पाने जाळून होणारा धूरही टळेल. झाडण्याच्या कामात मावशींना मदत करायला सातवीचा वर्ग तयार आहे.

करून पाहा

१. घराजवळचे एक झाड निवडा. शेवटचे पान गळल्याची आणि पहिली पालवी आल्याची तारीख लिहा.
२. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळा. कोणता रंग येतो?
३. पळसाच्या पानांचे घरात पूर्वी काय काय होत असे, ते आजी-आजोबांना विचारा.